भरतीची पातळी जुळते, रंग जुळत नाही. मॉडेल पडताळलं म्हणायचं का?

कूलरसमोर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी नागपूरला सिव्हिलमध्ये एम.टेक. करून राहिले, दुसरं वर्ष. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी एके ठिकाणी प्रक्रिया केलेलं सांडपाणी पाइपने समुद्रात सोडलं, तर त्यात विरघळलेला पदार्थ कुठवर जातो आणि किती पातळ होतो, याचं मॉडेल हा माझा विषय. समृद्धीने गेलं तरी समुद्र इथून सातशे किलोमीटर. घरी रोज विचारतात, अंबाझरी तलावावर काही करायचं सोडून हे काय घेतलं? असो.

मॉडेल टू-डी आहे, खोलीची सरासरी घेणारं. जाळी २५० मीटरची, टाइम-स्टेप ६० सेकंदांची. कोड विभागातल्या एका जुन्या सीनियरचा, वहनासाठी साधी अपविंड स्कीम (पाणी जिकडून येते तिकडच्या चौकटीचा आकडा घेणारी गणिती रीत). पाण्याची पातळी भरतीमापकाशी लावून पाहिली, आर-स्क्वेअर (जुळण्याचं माप, १ म्हणजे तंतोतंत) ०.९७ आला. सर खूश. म्हणाले, "व्हॅलिडेशनचं प्रकरण झालं, आता सिनॅरिओ चालव."

पण सरांच्याच कपाटात एका जुन्या सर्वेचा डेटा सापडला. र्‍होडामाइन रंग सोडून बोटीतून फ्लुओरोमीटरने (रंगाची चमक मोजणार्‍या यंत्राने) मोजलेला, एक दिवस उधाणाचा, म्हणजे मोठ्या भरतीचा, आणि एक भांगाचा, म्हणजे लहान भरतीचा, दोन्ही फेब्रुवारीतले. उधाणाचा दिवस मॉडेलवर टाकला आणि झोप उडाली. बोटीने जिथे लिटरला २ मायक्रोग्रॅम मोजलं तिथे मॉडेल ०.१ सांगते. बोटीला जिथे काहीच मिळालं नाही तिथे मॉडेलमध्ये ०.६. बिंदूला बिंदू लावला तर कोरिलेशन ०.२ पण नाही. डिस्पर्शन कोइफिशंट (माल किती पसरतो तो आकडा) ५ पासून ३० पर्यंत फिरवून पाहिला, नकाशा जवळपास हलतच नाही.

सर म्हणतात रंगाचा डेटा जुना आहे, सोडून दे. मला ते पटून नाही राहिलं. चूक कुठं आहे, मॉडेलमध्ये की मापात? आणि एवढ्या जोराच्या भरतीच्या समुद्रात मॉडेल पडताळलं असं कधी म्हणायचं?

दर्यावर्दी_दापोली

ताई, आधी घड्याळ बघा. बोटीचा जीपीएस बहुतेक वेळा जागतिक वेळेत नोंद करतो, भरतीचे तक्ते भारतीय वेळेत असतात. साडेपाच तासांचा घोळ झाला की भरतीची ओहोटी होते. दुसरं, एवढ्या खोल पाण्यात टू-डी वापरताच कशाला? वरचा थर वेगळा वाहतो, खालचा वेगळा. थ्री-डी करा.

कूलरसमोर

वेळ तपासली दादा, दोन्हीकडे भारतीय वेळच आहे. थ्री-डी आता सुरू केलं तर सबमिशन दिवाळीनंतर जाईल. 😐

प्रतापनगरचा म्हातारा

बेटा, मी नागपुरातच असतो. सगळी नोकरी किनार्‍यावरच्या सर्वेत गेली, समुद्राचं पाणी बाटल्यांत भरून रेल्वेने इकडे आणायचो. तुझ्या सरांचा मान ठेवून सांगतो, रंगाचा डेटा सोडू नको. तुझ्याकडे कामाचं तेवढंच आहे.

ते ०.९७ घे. चंद्राच्या मुख्य भरतीचं, एम-टूचं, आवर्तन १२ तास २५ मिनिटांचं, म्हणजे ७४५ मिनिटांचं. ते झाले ३६० अंश. तुझं मॉडेल १० अंश मागे चालत असेल तर ते घड्याळात जवळपास २१ मिनिटं मागे. आता एकसारख्या दोन लाटा १० अंशांनी सरकवून एकमेकींवर ठेव. कोरिलेशन येते १० अंशांचा कोसाइन, ०.९८५. त्याचा वर्ग कर. ०.९७. तुझाच आकडा!

तुझं मॉडेल १० अंशच मागे आहे असं मी म्हणून नाही राहिलो. २१ मिनिटांची चूक पोटात घेऊनही हा आकडा असाच गोरागोमटा दिसतो, एवढंच दाखवून राहिलो. त्या २१ मिनिटांत पाणी कुठं जाते ते बघ. भर आखातात प्रवाह सेकंदाला ३ मीटरपर्यंत जातो, भावनगरकडे उधाणाला पाणी दहा मीटरच्या वर चढते-उतरते. तुझी जागा तोंडाशी, म्हणून दीड मीटरच धरू. पाणी थांबलं असताना रंग सोडला आणि प्रवाह भरात असताना मोजला, तर २१ मिनिटं गुणिले दीड मीटर, म्हणजे १,९०० मीटर. रंगाचा पट्टा तेव्हा असेल तीन-चारशे मीटर रुंद. मॉडेलने अगदी हुबेहूब पट्टा काढला असला तरी तो बोटीपासून दोन किलोमीटर लांब. जिथे आहे तिथे मॉडेल नाही म्हणते आणि जिथे नाही तिथे आहे म्हणते. एकाच चुकीचा दंड दोनदा बसतो. बिंदूला बिंदू लावशील तर ०.२ सुद्धा नशिबाचं समज.

म्हणून पहिलं काम: पातळी सोड, प्रवाह बघ. पातळी आणि प्रवाह यांचा फेज, म्हणजे भरतीच्या चक्रातली वेळ, एकच नसतो, एक जुळला म्हणजे दुसरा जुळतोच असं नाही. त्या सर्वेत करंट मीटर किंवा एडीसीपी (आवाजाच्या लहरींनी प्रवाह मोजणारं यंत्र) कुठं टाकलं होतं का? असेल तर दोन्हीकडून एम-टू आणि एस-टू (सूर्याची मुख्य भरती) काढ, फेज समोरासमोर ठेव.

दुसरं, कोइफिशंट फिरवून नकाशा हलत नाही म्हणालीस. कसा हलेल? साधी अपविंड स्कीम स्वतःच माल पसरवते. तिचं खोटं पसरण असं काढतात: वेग गुणिले जाळी भागिले दोन, गुणिले एक वजा कुरांट (एका टाइम-स्टेपमध्ये पाणी चौकटीचा किती भाग ओलांडते तो आकडा). तुझा कुरांट दीड गुणिले ६० भागिले २५०, म्हणजे ०.३६. दीड गुणिले २५० भागिले दोन म्हणजे १८७.५, गुणिले ०.६४. आले १२०. सेकंदाला १२० चौरस मीटर, फुकटात. आणि खरं किती पाहिजे? एल्डरचं १९५९ चं सूत्र काढ: ५.९३ गुणिले घर्षणवेग गुणिले खोली. खोली २० मीटर, घर्षणवेग प्रवाहाच्या पाच टक्के धरला तर ०.०७५. उत्तर ९ च्या आसपास. जिथे ९ पाहिजे तिथे मॉडेलच्या पोटात आधीच १२० बसले आहेत, आणि तू वरून ५ टाकते की ३० टाकते, कोण विचारते? त्यातून प्रवाह जाळीला तिरपा असला तर हे खोटं पसरण आडवंसुद्धा होते. आडवं पसरण निसर्गात एल्डरच्या आकड्यापेक्षा कितीतरी लहान असते आणि पट्ट्याची रुंदी त्याच्यावरच ठरते. तुझ्या ०.६ चं मूळ मला तिथं दिसून राहिलं.

स्कीम बदल. टीव्हीडी (खोटं पसरण आवरणारी रीत) घे, नाहीतर निदान दुसर्‍या क्रमाची घे. दोन दिवसांचं काम आहे.

दापोलीकर, थ्री-डीचं म्हणाल तर इथं मला त्याची गरज वाटत नाही. खोली भागिले वेगाचा घन करून पाहा: २० भागिले ३.४, सहाच्या आत. उन्हाने तापलेला वरचा थर वेगळा राहायला हा आकडा काही शेकड्यांत लागतो. एवढ्या प्रवाहात पाणी तळापासून वरपर्यंत घुसळून निघते. नर्मदा-तापीचं गोडं पाणी उतरते तेव्हा पावसाळ्यात गोष्ट वेगळी. पण तिचा सर्वे फेब्रुवारीतला आहे.

दर्यावर्दी_दापोली

पाइपच्या तोंडाशी मात्र टू-डी चालणार नाही काका. सांडपाणी गोडं, हलकं, ते उसळून वर येतं. पहिली शंभर-दोनशे मीटर वेगळीच गोष्ट असते.

प्रतापनगरचा म्हातारा

बरोबर. २५० मीटरच्या चौकटीत ती शंभर मीटर दिसायचीच नाहीत. जवळचं वेगळं काढायचं, त्याचं उत्तर मॉडेलच्या एका चौकटीत ओतायचं. बोटीच्या ज्या नोंदी सोडल्या ठिकाणापासून चार-पाच चौकटींच्या आत आहेत, त्या तुलनेतून बाहेर ठेव बेटा, आणि बाहेर ठेवल्या असं लिही.

कूलरसमोर

काका, तुमच्या पाया पडते. करंट मीटर होतं! एकाच जागी, पण दोन्ही दिवस होतं. उधाणाच्या दिवशी मॉडेल प्रवाहात मागेच निघालं, साधारण पंधरा-वीस मिनिटं. नौकानयनाच्या नकाशावरून खोली घेतली होती, तिच्यात एक वाळूची दांडी नव्हतीच. सर्वेच्या बोटीच्या इको-साउंडरमध्ये ती होती. ती टाकली आणि तळाचं घर्षण थोडं बदललं, फरक पाच-सहा मिनिटांवर आला. स्कीमही बदलली. आता कोइफिशंट फिरवला की नकाशा हलतो.

पट्टा आता पट्ट्यासारखा दिसून राहिला. पण एक नवीन भानगड. बोटीच्या आडव्या फेर्‍यांवरून सगळा रंग जोडून पाहिला तर सोडलेल्याच्या ६० टक्केच भरतो. मॉडेलमध्ये अर्थात १००. मग कमी कोण सांगून राहिलं?

प्रतापनगरचा म्हातारा

रंग जोडून पाहिलास हे सगळ्यात चांगलं केलंस. बरेच जण करतच नाहीत. किती माल सोडला आणि किती सापडला, हा हिशेब लागल्याशिवाय पुढच्या आलेखांना काही अर्थ नाही.

हिशेब असा. २० टक्क्यांच्या द्रावणाचे २० किलो ओतले असतील तर निव्वळ रंग ४ किलो. तो एक किलोमीटर लांब, चारशे मीटर रुंद, पंधरा मीटर खोल पाण्यात पसरला तर लिटरला ०.६७ मायक्रोग्रॅम. स्वच्छ पाण्यात फ्लुओरोमीटरला हे सहज दिसते. खंभातचं पाणी पाहिलं आहेस का? चहा बरा. गाळ प्रकाश खाते, उलटवते, आणि त्यात र्‍होडामाइन बी असेल तर ते गाळाला चिकटूनही बसते. डब्ल्यूटी जातीचं कमी चिकटते. कोणतं होतं ते सर्वेच्या वहीत शोध, उरलेल्या ४० टक्क्यांतला मोठा वाटा बहुतेक तिथं सापडेल.

तापमान बघ. र्‍होडामाइनची चमक दर अंशाला सुमारे २.७ टक्क्यांनी उतरते. यंत्राचं माप एसीत २५ अंशांना जुळवलं आणि समुद्र ३० चा असला, तर १२-१३ टक्के तिथंच गेले.

आणि बोट. हे कागदावर दिसत नाही म्हणून सांगतो. पाणी खेचायची नळी बोटीच्या बाजूला मीटरभर खाली बांधलेली असते. बोट वळली की नळीत हवा शिरते, बुडबुडे यंत्राच्या मोजायच्या सेलमधून जातात आणि कागदावर सुईसारखं टोक उमटते. नवखा माणूस तेच टोक 'कमाल संहती' म्हणून अहवालात घालतो. प्रत्येक वळणाजवळचे अर्धा-एक मिनिट काढून टाक. आमच्याबरोबर एक तांडेल असायचा, तो यंत्राकडे बघायचाच नाही. पाण्यावर फेसाची रेघ दिसली की म्हणायचा, "सायेब, तुमचा रंग तिथं." आणि असायचा. दोन प्रवाह जिथे मिळतात तिथे तरंगता कचरा आणि फेस गोळा होतो, रंगही त्या रेघेच्या एका अंगाला दाटतो. बोटीच्या दोन फेर्‍यांमध्ये पाचशे मीटरचं अंतर असलं तर अशी रेघ मधल्या मधे सुटून जाते, आणि तुझे ६० टक्के होतात. रंग ओतणार्‍याचे हात मात्र आठवडाभर गुलाबी. घरी हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, भाऊजींनी होळी आत्ताच खेळली का?

तर मग पडताळणी कशाशी? बिंदूशी नाही. पट्ट्याचा मध्य कुठं, रुंदी किती, लांबी किती, एकूण माल किती, सगळ्यात जास्त किती आणि ते वेळेबरोबर कसं उतरते. हे पाच-सहा आकडे दोन्हीकडून काढ. बिंदू लावायचेच असतील तर मॉडेलला पंधरा-वीस मिनिटं पुढेमागे आणि एक-दोन चौकटी इकडेतिकडे बघायची मुभा दे, आणि किती टक्के बिंदू दुपटीच्या आत येतात ते सांग. हवेच्या प्रदूषणवाले हेच माप वापरतात. मुभा किती दिली ते मात्र लपवायचं नाही.

कूलरसमोर

र्‍होडामाइन बीच होतं. 🙁 बरं, एक दिवस जुळला म्हणजे महिनाभराचं मॉडेलही बरोबर, असं म्हणता येईल का? सरांना सिनॅरिओ तीस दिवसांचा पाहिजे.

प्रतापनगरचा म्हातारा

नाही येत. आणि खरी मेख इथंच आहे.

दीड मीटरचा प्रवाह एका भरतीत पाणी २१ किलोमीटर नेतो आणि ओहोटीत परत आणतो. पूर्ण परत नाही आणत, थोडं उरते. ते उरलेलं म्हणजे शेष प्रवाह, आणि तीस दिवसांत माल कुठं जाईल हे तोच ठरवतो. समज तो सेकंदाला २ सेंटिमीटर आहे. दिवसाला १.७ किलोमीटर, तीस दिवसांत ५० च्या वर. आता २ सेंटिमीटर म्हणजे दीड मीटरच्या किती? १.३ टक्के. इतवारीतल्या धान्याच्या व्यापार्‍याची उलाढाल दीड कोटी आणि नफा दोन लाख, असं हे आहे. वहीत सव्वा टक्क्याची चूक झाली तर नफा आहे की तोटा तेच कळायचं नाही. तुझं करंट मीटर एवढ्या बारकाईने बोलत नाही, भरतीमापक तर त्या गावाचाच नाही. वरून एका जागी रोवलेल्या मीटरची सरासरी आणि वाहत्या पाण्याची सरासरी एक नसते. तळ उंचसखल असला की दोन्हींच्या दिशासुद्धा उलट निघू शकतात.

हे तपासायला पाण्याबरोबर महिनोन् महिने वाहणारी खूण लागते. रंग दोन दिवसांत दिसेनासा होतो. जगात हे सगळ्यात नीट कुठं झालं असेल तर फ्रान्सच्या किनार्‍यावर. कोतांतँ द्वीपकल्पाच्या टोकाला ला हाग इथं १९६६ पासून अणुइंधनाची पुनर्प्रक्रिया चालते. तिथलं विरघळलेलं किरणोत्सारी द्रव्य, परवानगीच्या मर्यादेत, पाइपने समुद्रात जाते. समोर ऑल्डर्नीची सामुद्रधुनी, प्रवाह ५ मीटरपर्यंत. तुझ्या तिप्पट. केव्हा, किती सोडलं याची नोंद कारखान्याकडे असते, म्हणजे प्रयोगातला सगळ्यात महागडा भाग आयताच झालेला. ट्रिटियम पाण्याच्या रेणूतच बसते, गाळाला चिकटायचा प्रश्न नाही, अर्धायुष्य १२.३ वर्षं. अँटिमनी-१२५ चं २.७६ वर्षं. आयआरएसएन या तेव्हाच्या फ्रेंच अणुसुरक्षा संस्थेच्या लोकांनी जहाजातून नमुने घेऊन ते इफ्रेमेर या फ्रेंच समुद्र-संशोधन संस्थेच्या मार्स मॉडेलशी लावून पाहिले. टोकाजवळचा काही तासांचा पट्टा वेगळा तपासला आणि इंग्लिश खाडीतून डोव्हरकडे, उत्तर समुद्रात महिनोन् महिने जाणारा माल वेगळा. दोन प्रश्न, दोन पडताळण्या. खाडीच्या बाबतीत त्यांचंही मॉडेल टू-डीच होतं दापोलीकर, हे तुमच्यासाठी.

इंग्लंडच्या सेलाफील्ड अणुकारखान्याचं तसंच. १९९४ पासून तिथून टेक्नेशियम-९९ हे किरणोत्सारी द्रव्य जास्त जायला लागलं. ती वाढ स्कॉटलंडला वळसा घालून नॉर्वेच्या किनार्‍याला पोचली, आणि केव्हा पोचली त्यावरून कितीतरी मॉडेलांची परीक्षा झाली. सांडपाण्याच्या जंतूंवरून हे जमत नाही, ते उन्हाने आणि खार्‍या पाण्याने मरतात. मग कमी झाले ते पातळ झाल्यामुळे की मेल्यामुळे, सांगता येत नाही.

तुझ्याकडे असं काही नाही. तेव्हा प्रबंधात सरळ लिही: काही तासांच्या आणि दहा-वीस किलोमीटरच्या प्रसरणासाठी मॉडेल पडताळलं; तीस दिवसांचा निकाल पडताळलेला नाही, शेष प्रवाह दोन सेंटिमीटर इकडेतिकडे धरून त्याचे तीन नकाशे दिले आहेत. सर रागावतील. परीक्षक रागावणार नाही.

आणि भांगाच्या दिवसाला अजून हात लावला नसशील तर लावूच नको. सगळं उधाणावर बसव, कोइफिशंट ठरव, कुलूप लाव, मग एकदाच भांगाचा दिवस चालव. जे येईल ते येईल. ज्या डेट्यावर बसवलं त्याच्यावरच तपासलं तर ती पडताळणी नव्हे.

दर्यावर्दी_दापोली

कोकणात पावसाळ्यानंतर खाडीची खारटपणाची मोजणी महिनाभर केली तर शेष प्रवाहाचा अंदाज येतो काका. मीठ फुकटची खूण आहे. खंभातला नर्मदेचं पाणी आहेच की.

प्रतापनगरचा म्हातारा

हे पटलं. ऑक्टोबरचा खारटपणा कुणाकडे असेल तर बेटा तो माग. माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कूलरसमोर

भांगाचा रन रात्री लावला होता. काही न बदलता. रुंदी चांगली आली, मॉडेलची किंचित जास्त. सगळ्यात जास्त संहती दुपटीच्या आत. एकूण रंग तसाच कमी, गाळाचं तुम्ही म्हणालात ते लिहिलं. पण पट्ट्याचा मध्य बोटीपेक्षा सातआठशे मीटर दक्षिणेला सरकला आहे, आणि प्रत्येक फेरीला थोडा थोडा जास्त. फेज असता तर पुढेमागे झाला असता ना? हा एकाच बाजूला जाऊन राहिला.

प्रतापनगरचा म्हातारा

बरोबर ओळखलंस, हा फेज नाही. भांगाला भरतीचा जोर कमी, म्हणून दुसरं कुणीतरी ढकललेलं दिसते. तुझ्या मॉडेलमध्ये वारा आहे का? आणि त्या दिवशी किती होता?

कूलरसमोर

मॉडेलमध्ये वारा शून्य ठेवला आहे. आणि सर्वेच्या वहीत वार्‍याचा रकाना आहे, त्यात नुसतं 'मध्यम' लिहिलं आहे. दोन्ही दिवशी.

प्रतापनगरचा म्हातारा

'मध्यम' लिहिणारे आमच्यातही होते. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ डेटा घे, १९४० पासून तासातासाचा वारा फुकट मिळते. त्या दोन तारखांचा आणि आधीच्या तीन दिवसांचा काढ. आधी उधाणाच्या दिवसावर वारा घालून बघ, तिथलं जुळलेलं बिघडत तर नाही ना. मग भांग. आणि वारा नसतानाचा भांगाचा निकाल पुसू नको, तोही छाप. वारा त्या दिवसाचा निकाल बघून घातला, हे परीक्षकाला कळलं पाहिजे.